दोनदा दुरुस्त केलेली गोल्फ कार्ट

सहा आसनी गाडी, ४८ व्होल्टची, लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालणारी. मोठ्या आवारात माणसांची ने-आण करायला ठेवतात तशी. तक्रार एका ओळीत आली होती: "दीड तास चालली की मोटर तापते, चढावर गाडी रांगते, आणि जमलं तर स्पीड सेटिंग बघून द्या." शेवटचा तुकडा मी वाचला आणि बाजूला ठेवला. तापणं हा एक विषय, स्पीड हा दुसरा. आधी तापणं मिटवू, मग स्पीडचं बघू, असा माझा हिशेब. दोन्ही एकच विषय होते हे कळायला दहा दिवस आणि एक फुकटची फेरी लागली.

गाडीची कुंडली आधी सांगतो. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. मोटर डीसी, पण वेगळ्या फील्डची, जिला आम्ही सेपेक्स म्हणतो. आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, फील्ड म्हणजे त्याभोवती चुंबकत्व तयार करणारं स्थिर वेटोळं. आर्मेचरला एक करंट, फील्डला दुसरा, आणि दोन्ही कंट्रोलरच्या, म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट मोजून देणाऱ्या डब्याच्या, ताब्यात. ओळखायची सोपी खूण म्हणजे मोटरवर येणाऱ्या चार तारा. आर्मेचरच्या ए-१ आणि ए-२ या जाड केबली, फील्डच्या एफ-१ आणि एफ-२ त्यामानाने बारीक. जुन्या सिरीज मोटरला चारही जाड असतात, कारण तिथे एकच करंट फील्डमधूनही जातो आणि आर्मेचरमधूनही. ही खूण आधी बघून घ्यावी. सिरीज मोटरच्या गाडीची मागची चाकं जॅकवर उचलून पॅडल दाबलं तर अंगावर भार नसल्यामुळे मोटर बेफाम फिरत सुटते आणि आर्मेचरची वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, उखडू शकते. सेपेक्समध्ये कंट्रोलर लगाम धरून असतो. तरी जॅकवर पूर्ण पॅडल मी कुठल्याच गाडीचं दाबत नाही.

मागच्या एक्सलमधलं गिअरचं गुणोत्तर १२.४४ ला १, म्हणजे मोटर जवळपास साडेबारा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मोटरच्या शाफ्टच्या टोकाला एक छोटं चुंबक आणि त्यासमोर स्पीड सेन्सर. गाडी नंतर कोणीतरी उंच केलेली होती, लिफ्ट किट घालून, आणि चाकं ऐसपैस. हेही मी पाहिलं. अशा गाड्या इतक्या दिसतात की डोळा अडला नाही.

पहिली भेट

तापण्याची तक्रार असेल तर थंड गाडीला पाना लावण्यात अर्थ नसतो. आधी ती तापवावी लागते. चालक वयाने मोठे, त्यांना मी काका म्हणायचो. त्यांना रोजच्याच वाटेने न्यायला सांगितलं. सहा माणसं बसवली, भार धरून गाडी साधारण साडेनऊशे किलोची झाली असेल. वाटेत सपाट रस्ता, आणि एक अडीचशे मीटरचा चढ, शंभर मीटरला आठ मीटर उचलणारा. तासाभरानंतर मोटरकडून वाइंडिंगवरच्या वॉर्निशचा गोडसर जळका वास यायला लागला. दीड तासाने चढाच्या मध्यावर गाडीने मान टाकली आणि माणूस भरभर चालेल त्या वेगाने वर गेली.

वर थांबून मापं घेतली. मोटरचं कवच १२४ अंश. इथे एक सांगून ठेवतो: चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा घासलेल्या धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर सर्रास खोटं बोलतो, वीस-तीस अंश कमीसुद्धा दाखवतो. जिथे मोजायचं तिथे आधीच काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा आणि त्यावरच मोजावं. कंट्रोलरचं तापमान मात्र त्याच्या पोटातल्या सेन्सरवरून प्रोग्रॅमरवर, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग वाचायच्या-बदलायच्या यंत्रावर, दिसतं. ते होतं ८८. हा कंट्रोलर त्याची हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा धातूचा भाग) ८५ अंशांना पोचली की करंट टप्प्याटप्प्याने कापायला लागतो. चढावर रांगणं म्हणजे कंट्रोलर स्वतःचा जीव वाचवत होता. त्याला दोष देऊन तो बदलला असता तर नवाही तेच करता.

कंट्रोलर ज्या पत्र्यावर बसवलाय तो ॲल्युमिनियमचा होता, खाली थर्मल पेस्ट होती, पंखांमध्ये वाळलेला चिखल होता तो काढला. तिथे आणखी काही नव्हतं.

बॅटऱ्या उभ्या स्थितीत ५०.६ व्होल्ट, पूर्ण भरल्याच्या जवळ. हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजून चार्ज सांगणारं साधन) पाच बॅटऱ्या एका रांगेत, चौथी किंचित खाली. खरी परीक्षा भाराखाली असते. काकांना चढ चढवायला लावला आणि एकेका जोडावर मल्टिमीटरचे दोन्ही टोक धरले: एक लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर, एक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर. चांगला जोड असेल तर भाराखालीही तिथे शून्याच्या आसपासच वाचन येतं. इतर जोडांवर ०.०२, ०.०३ असं येत होतं. चौथ्या बॅटरीच्या डाव्या खांबावर ०.९ आलं.

जवळून पाहिलं तर नट अगदी घट्ट. हाताने हलवून पाहणाऱ्याला कधीच सापडला नसता. पण कोणीतरी स्टीलचा वॉशर लगच्या वर घालायच्या ऐवजी लग आणि खांब यांच्या मधे घातला होता. म्हणजे सगळा करंट त्या पातळ स्टीलच्या चकतीतून जात होता. खांबाची कड वितळून पुन्हा गोठलेली, मेणासारखी गुळगुळीत. केबलच्या तोंडावरचं रबर आखडून मागे सरकलेलं, आणि आतली तांब्याची तार काळपट. बॅटरीच्या केबलमधून तेव्हा ११२ अँपिअर जात होते. ०.९ गुणिले ११२, म्हणजे साधारण १०० वॅट. त्या एका चकतीवर शंभर वॅटचा बल्ब चालू होता म्हणा ना. गाडी टो मोडवर (ओढून नेण्यासाठी कंट्रोलर बंद ठेवणारा स्विच) टाकली, पॅकचं मेन निगेटिव्ह काढलं, लग कापून नवीन दाबून बसवला, खांब घासला, वॉशर वर घातला.

दुसरी गोष्ट ब्रेकची. उजवा मागचा ड्रम ९६ अंश, डावा ५१. चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. पार्किंग ब्रेकची केबल नळीत गंजून अडकली होती, त्यामुळे ब्रेकचा शू ड्रमला कायम टेकलेला. केबल बदलली, शू ॲडजस्ट केले. सपाट रस्त्यावर आधी बॅटरीमधून ४९ अँपिअर जात होते ते ३७ वर आले. बारा अँपिअर, म्हणजे जवळपास सहाशे वॅट, नुसते त्या अडकलेल्या ड्रमपायी खर्ची पडत होते.

दोन ठळक दोष, दोन्ही दुरुस्त, दोन्ही आकड्यांनी सिद्ध. मी चाळीस मिनिटं गाडी फिरवली, मोटर सत्तरीत, आणि "झालं काम" म्हणून निघालो. तक्रार दीड तासाची होती आणि मी चाळीस मिनिटांत पास केली. इथे माझंच चुकलं.

परत आली

दहा दिवसांनी फोन. "दादा, पहिल्यापेक्षा बरी आहे, पण चढाला पुन्हा तेच. आणि आता मधेच गचके देते." या वेळी पूर्ण दीड तास चालवली. मोटर ११३, कंट्रोलर ८६. आधीपेक्षा अकरा अंश कमी, पण रेषेच्या पलीकडेच.

आता मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, "कधीपासून तापते?" उत्तर मिळालं होतं, "चार महिने झाले." आता विचारलं, "काका, चार महिन्यांपूर्वी गाडीला काय केलं होतं?"

"काही नाही हो. खड्ड्यात खालून घासायची म्हणून उंच केली, टायर मोठे घातले. आणि टायर घालणाऱ्या पोरानेच लॅपटॉप लावून स्पीड थोडी मोकळी करून दिली. पंचवीसवर ठेवलीय म्हणाला."

पंचवीस. प्रोग्रॅमर लावला, सपाट रस्त्यावर पूर्ण पॅडल दाबलं, पडद्यावर २५ किमी. पण सीटवर बसून ते पंचवीस वाटत नव्हते. फोनमध्ये जीपीएस लावला. साडेतीस.

फरक कुठून आला ते गणिताने दिसतं. मूळ टायर १८ इंची, परीघ साधारण १.४४ मीटर. मोटर मिनिटाला ३,००० फेरे फिरली तर चाक २४१, आणि गाडी ताशी पावणेएकवीस किमी. ही कारखान्यातली मर्यादा. त्या मुलाने मर्यादा ३,६०० वर नेली, आणि १८ इंची टायरच्या हिशेबाने ते बरोबर पंचवीस होतात. पण गाडीला टायर होते २२ इंची, परीघ १.७६ मीटर. सेन्सर चाक मोजत नाही, मोटरचे फेरे मोजतो. प्रोग्रॅमरमध्ये टायरचा व्यास नोंदवायची जागा असते, तिथे १८ तसाच राहिला होता. म्हणून पडद्यावर एक आणि रस्त्यावर दुसरं. त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं.

गोल्फ कार्टसाठीच्या अमेरिकी मानकात कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किमी धरलेला आहे. या गाड्यांना ब्रेक बहुतेक मागच्या दोन चाकांनाच असतात. एकवीसवरून साडेतीसला गेलं की थांबवायची ऊर्जा दुपटीहून जास्त होते, आणि ड्रम तेवढेच राहतात. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणून उतारावर पाय दुखतो होय!"

कुठल्या केबलला क्लॅम्प लावलात?

वेग कळला, पण तापण्याचं उत्तर अजून हातात नव्हतं. मोटर तापत होती चढावर, आणि चढावर तर गाडी सावकाशच जाते. तिथे कमाल वेगाचा काय संबंध?

पहिल्या भेटीतल्या टिपणात चढावरचं वाचन होतं ११२ अँपिअर. भरलेल्या सहा आसनी गाडीला एवढ्या चढावर शंभरेक लागणारच, म्हणून मी ते पास केलं होतं. पण ते वाचन बॅटरीच्या केबलवरचं होतं. मोटरमधला करंट वेगळा असतो, आणि या धंद्यात वर्षं काढलेली माणसंही हे विसरतात. मीही विसरलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

कंट्रोलर बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला कमी व्होल्टेज देतो. बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज जास्त, करंट कमी. मोटरच्या बाजूला व्होल्टेज कमी, करंट जास्त. गुणाकार दोन्हीकडे जवळपास सारखा. चढावर मोटर सावकाश फिरत असते, तिला पंचेचाळीस व्होल्टची गरजच नसते, वीस-बावीस पुरतात. मग करंट दुपटीने वाढतो. आणि वाइंडिंग तापवतो तो मोटरमधला करंट. बॅटरीच्या केबलवर त्याचा पत्ता लागत नाही.

या वेळी क्लॅम्प, म्हणजे केबलभोवती धरून करंट मोजणारं मीटर, ए-१ वर लावला. क्लॅम्प डीसी मोजणारा हवा. साधा एसी क्लॅम्प इथे शून्य दाखवतो आणि माणूस मीटर बिघडला म्हणून बसतो. चढाच्या मध्यावर वाचन: २३५ अँपिअर. त्याच क्षणी बॅटरीवर ११०.

आता हे २३५ कुठून आले ते बघू. टायर १८ वरून २२ वर गेला की जमिनीपासून एक्सलपर्यंतचा दांडा लांब झाला. तोच चढ, तेच वजन, पण मोटरला २२ टक्के जास्त पीळ द्यावा लागतो. पीळ आणि करंट हातात हात घालून चालतात, म्हणून करंटही २२ टक्के जास्त. उष्णता मात्र करंटच्या वर्गाने वाढते: १.२२ गुणिले १.२२, म्हणजे दीडपट. नुसत्या टायरने चढावरची वाइंडिंगची उष्णता दीडपट केली. मोठे टायर लावून देणारे गिऱ्हाईकाला वेग वाढेल एवढंच सांगतात.

पण दीडपटीने हिशेब पुरा होत नव्हता. मूळ टायरवर या भाराने चढाला साधारण १४५ यायला हवेत असा माझा अंदाज. १४५ ला २२ टक्के जोडले तर १७७. इथे तर २३५.

फील्ड मॅप

सेपेक्स मोटरमध्ये वेग वाढवायचे दोन मार्ग. एक, फेऱ्यांची मर्यादा वाढवणं. पण मर्यादा वाढवली म्हणून मोटर तिथपर्यंत पोचेलच असं नाही. ४८ व्होल्टमध्ये ती एका टप्प्यावर दमते. दुसरा मार्ग, फील्ड कमजोर करणं. फील्डचं चुंबकत्व कमी केलं की मोटर स्वतःच्या विरुद्ध जे व्होल्टेज तयार करते ते कमी होतं, आणि तेवढ्याच बॅटरीवर ती जास्त फेरे घेते. म्हणून "स्पीड मोकळी" करणारे फील्ड खाली आणतात.

याची किंमत अशी की त्याच कमजोर फील्डमुळे प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा पीळही कमी होतो. तेवढाच पीळ काढायचा तर आर्मेचरला जास्त करंट ओढावा लागतो. म्हणून कारखान्यातल्या सेटिंगमध्ये फील्ड एका आकड्यावर बांधलेलं नसतं. त्याचा एक नकाशा असतो, फील्ड मॅप. सपाटीवर आर्मेचरचा करंट कमी, तर फील्डही कमी, गाडी पळते. चढ आला, आर्मेचरचा करंट वाढला, की त्यासोबत कंट्रोलर फील्डही वाढवतो. गाडी थोडी मंदावते पण जोर मिळतो. चढ ओळखून गिअर बदलणारा चालक आत बसलाय असं समजा.

प्रोग्रॅमरमध्ये तीन ठिकाणी हात लागलेला दिसला. फील्डचा किमान करंट खाली आणलेला. कमाल करंटही खाली आणलेला, हे का केलं असेल ते देव जाणे. आणि फील्ड वाढायला जिथून सुरुवात होते तो आर्मेचर करंटचा टप्पा पार पुढे ढकललेला. म्हणजे आत बसलेला तो चालक चढ अर्धा संपेपर्यंत गिअर बदलतच नव्हता, आणि बदलला तरी खालच्या गिअरपर्यंत पोचतच नव्हता. ए-१ वर २३५ दिसत असताना एफ-१ वर जेवढा करंट दिसायला हवा त्याच्या बराच खाली होता.

१४५ च्या जागी २३५, म्हणजे करंट १.६ पटीच्या वर, आणि उष्णता २.६ पट. वर तांब्याचा स्वभाव असा की दर अंशाला त्याचा रोध ०.३९ टक्के वाढतो. पंचविसाची वाइंडिंग सव्वाशेला पोचली तर रोध ३९ टक्क्यांनी वाढलेला, म्हणजे तोच करंट आणखी उष्णता करतो. या मोटरीला वेगळा पंखा नाही, कवचातून जेवढं निघेल तेवढंच. कवच १२४ असेल तर आतली वाइंडिंग त्याच्या कितीतरी वर. एफ वर्गाच्या इन्सुलेशनची हद्द १५५ अंश, एच वर्गाची १८०. आणि मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा असा की दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. मला तो वॉर्निशचा वास आठवला.

उताराचाही एक मुद्दा होता. गाडी उतारावर सोडली की मोटर जनरेटर होऊन ब्रेक लावते आणि करंट बॅटरीकडे परत पाठवते. लोकांना वाटतं उतारावर मोटर विश्रांती घेते. ए-१ वरचा क्लॅम्प उतारावर उणे ९० दाखवत होता. करंट उलटा वाहिला तरी तांबं तेवढंच तापतं. वेग वाढवल्यावर गाडी उतारावर आवरेना म्हणून बहुधा त्याच मुलाने हे ब्रेकिंगही वाढवून ठेवलं होतं.

गचक्यांचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं. मोटरच्या टोकाचा सेन्सर काढला. त्यामागचं चुंबक प्लॅस्टिकच्या कडीत बसवलेलं असतं, ती कडी उष्णतेने वाकडी होऊन चुंबक एका बाजूला कललेलं. चाक हळू फिरवलं की सेन्सरच्या तारेवर ० आणि ५ व्होल्ट अशा स्वच्छ उड्या दिसायला हव्यात; इथे एक उडी यायची, एक गाळली जायची. कंट्रोलरला वाटायचं मोटर थांबली, पुढच्या क्षणी वाटायचं पळाली. चुंबक आणि सेन्सर दोन्ही बदलले. नुसता सेन्सर बदलून भागलं नसतं. हे चुंबक वितळलेलं दिसलं की मोटर कधीतरी भाजून निघाली आहे हे पक्कं समजावं.

मोटर उघडलीच होती तर कॉम्युटेटर पाहिला, म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बनचे ब्रश टेकून करंट देतात. तपकिरी रंग बऱ्यापैकी एकसारखा होता, एकआड एक पट्टी काळी पडलेली नव्हती, म्हणजे आर्मेचर वाचलं होतं. ब्रश बरेच झिजलेले, आणि त्यातल्या एकाची स्प्रिंग रंगावरून तापून मऊ झाल्यासारखी. स्प्रिंगा बदलल्या, ब्रश अजून काही महिने निघतील म्हणून ठेवले.

सेटिंग

आता सेटिंग. इथे व्यवस्थापकांशी घासाघीस झाली. मी म्हणालो, टायर १८ चे घाला, मॅप कारखान्याचा करा, वेग एकवीसला बांधा. ते म्हणाले, "गाडी आधीच हळू चालते म्हणून तर तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही आणखी हळू करताय?" त्यांचं चूक नव्हतं. चढावर रांगणारी गाडी पाहून कोणालाही वाटेल की वेग वाढवायला हवा. शिवाय टायर खड्ड्यांसाठी घातले होते, ती गरज खरीच होती.

मधला रस्ता असा ठरला. टायर तूर्त राहू द्यायचे. प्रोग्रॅमरमध्ये व्यास २२ नोंदवायचा, मर्यादा एकवीस किमी, म्हणजे मोटरचे फेरे ३,००० नाही तर २,४५५ च्या आसपास. फील्डचे तिन्ही आकडे कारखान्याच्या पानावर होते तसे. उतारावरचं ब्रेकिंग मूळच्या जागी. प्रवेग मात्र मी कारखान्याच्या आकड्यापेक्षा थोडा सौम्य केला. दर थांब्यावरून झटक्याने सुटताना करंटचं शिखर उगाच उंच जातं आणि मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलते. एका वेळी एकच आकडा बदलायचा, फेरी मारायची, लिहायचं, मग पुढचा. कंटाळवाणं आहे, पण चार आकडे एकदम बदलले आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट.

पुन्हा दीड तास, सहा माणसं, तीच वाट, बाहेरचं तापमान जवळपास तेच. चढावर ए-१ वर १७८ अँपिअर. मोटर ९६. कंट्रोलर सत्तरीत, एकदाही कापाकापी नाही. बॅटरीच्या केबलवर त्याच चढाला १०० च्या आसपास. म्हणजे मोटरमध्ये ५७ अँपिअर कमी झाले आणि बॅटरीच्या बाजूला जेमतेम दहा. मी फक्त तिथेच बघत राहिलो असतो तर पुन्हा फसलो असतो.

९६ वरही मी समाधानी नव्हतो. भर उन्हाच्या दिवसात ते १०५ होणार. तीन आठवड्यांनी व्यवस्थापकांचाच फोन आला. खड्डे बुजवून घेतले होते, आणि मोठ्या टायरांवर वळणाला गाडी झुकते अशी बसणाऱ्यांची कुरकुर होती. टायर १८ चे बसवले, व्यास पुन्हा १८, फेरे ३,०००. जीपीएस आणि पडदा दोन्हीकडे जेमतेम एकवीस. चढाला ए-१ वर १४६. मोटर ८४.

काकांना मी मुद्दाम विचारलं, गाडी हळू वाटते का. ते म्हणाले, "सपाटीला वाटते. पण पूर्वी दुपारनंतर झाडाखाली उभी करून गार करायला लागायची, ते बंद झालं. चढ आता सकाळी जसा चढते तसाच संध्याकाळी चढते." पूर्वी सकाळी सपाटीवर जे कमावलं ते दुपारी चढावर आणि झाडाखाली घालवलं जायचं.

सीट उचलली की आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर टायरचा व्यास, कमाल फेरे, फील्डचे तीन आकडे, आणि चढावरचं ए-१ चं वाचन. पुढे कोणी लॅपटॉप लावेल त्याने निदान आधी वाचावं. चौथ्या बॅटरीचा डावा खांब वितळून गोठलेला, तो तसाच आहे. जोडावर सध्या ०.०४ येतंय, वाढलं की बॅटरी बदलायची. ब्रश तीन महिन्यांनी बघायचे. त्याच आवारात आणखी दोन गाड्या आहेत, चार आसनी, त्याच मुलाने उंच केलेल्या, २२ इंची टायरांच्या. त्यांची अजून तक्रार नाही. त्यांच्या ए-१ ला क्लॅम्प लावायचा राहिलाय.